बसल्या जागी चालणारे बापूसाहेब

विद्यापीठाची स्पर्धा तोंडावर आली असताना कॉलेजचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी मुलींच्या मैदानाला कुलूप घातलं. तिथे त्यांना मंगल कार्यालय बांधायचं होतं.

धावपटू तेजल जाब विचारायला थेट त्यांच्या घरी गेली. भजन रंगलं होतं. टाळ खाली ठेवून बापूसाहेबांनी मनगटावरचं नवं स्मार्टवॉच पुढे केलं.

"मैदान कशाला हवं गं? मी उंबरठा ओलांडत नाही, तरी रोजची चाल पूर्ण! हे बघ."

"घड्याळ सांगतं ते खरंच असतं?"

"महागाचं आहे. खोटं कशाला सांगेल?"

मोठ्यांशी वाद घालू नये, असं कुणीतरी पुटपुटलं. तेजलने ते घड्याळ मागून घेतलं आणि गुडघे आखडल्यामुळे भिंतीला टेकून बसल्या बसल्या टाळ वाजवणाऱ्या गोदूमावशींच्या मनगटावर बांधलं. अभंग संपला, तोवर पावलांचा आकडा भराभर चढला होता.

"बापूसाहेब, मावशी बघा किती चालल्या!"

"काहीतरीच! बाई जागची हललीसुद्धा नाही. चालायचं तर पाय जमिनीवर पडायला हवेत!"

सगळं मंडळ हसलं. तेजलने हात पुढे केला.

"मग आमच्या पायांना जमीन द्या. किल्ली कुठे आहे?"