धुरपाआक्काचा कूड

विषय: मौजे तरसखोरी येथील धुरपाआक्का आणि तिने कळपात रुळवलेली गिनी कोंबड्यांची पिल्ले.
संदर्भ: गावातल्या वडीलधाऱ्यांचे तोंडी निवेदन. लेखी पुरावा नाही, त्यामुळे कोणाची हरकतही नाही.

तरसखोरीला रस्ता नव्हता, आणि रस्ता नसल्यामुळे साहेबही येत नव्हते, त्या काळची ही हकीकत. गाव खडकाळ टेकाडावर. माणसांपेक्षा साप जास्त. राखणीला होत्या ठिपकेदार गिनी कोंबड्या. त्या गावच्या कडुलिंबावर बसायच्या. साप दिसला की सगळ्या मिळून असा कलकलाट करायच्या की मेलेलं माणूसही कूस बदले, असं सांगतात.

पण कळप म्हातारा झाला. सातच उरल्या. तेव्हा नागोजी पाटलांनी बारा पिल्लं उबवून घेतली आणि एका सकाळी सरळ कळपात सोडली. "त्यांच्याच जातीची आहेत, घेतील सांभाळून," म्हणाले. जुन्या कोंबड्यांनी बाराही टोचून मारली. पाटलांनी दोष दंवाला दिला.

शेवटची नऊ अंडी उरली. ती धुरपाआक्काने मागितली. आक्का लग्न होऊन गावात आली त्याला अकरा वर्षं झाली होती, तरी पाणवठ्यावर तिला 'ती नवी' म्हणत.

"ही नऊ गेली तर?" पाटलांनी विचारलं.

"मग गाव सापांनी राखायचं," आक्का म्हणाली.

तिने अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली. नऊही फुटली. गिनीच्या पिल्लाला ओल सोसत नाही, म्हणून दंव सुकेपर्यंत ती डालगं उचलत नसे. पिल्लांना पिसं आल्यावर तिने कडुलिंबाखाली तुराट्यांचा विरळ कूड घातला आणि पिल्लं आत ठेवली. जुन्यांना ती दिसत, पण चोच पोचत नसे. दाणे ती कुडाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी टाकी. आणि स्वतःही आत बसून राही.

पाणवठ्यावरच्या बायका हसायच्या. "आक्का, तू अंडी कधी घालणार गं?"

"तुमचं टोचणं थांबलं की!"

एकवीस दिवसांनी जुन्यांनी कुडावर चोची मारणं सोडलं. आक्काने दोनच पिल्लं बाहेर काढली. कळपातली थोरली कोंबडी अंगावर धावून गेली. आक्काने दोन्ही परत आत घेतली.

पाटील उखडले. "किती दिवस चालायचं हे? त्या सात म्हाताऱ्या आज आहेत, उद्या नाहीत!"

"पाटील, एका दिवसात कोणी कोणाचं होत नाही. मला विचारा."

पाटलांनी विचारलं नाही. मात्र कुडाशेजारच्या दगडावर बसून राहिले. पाटील गप्प बसल्याची गावात ही एकच नोंद आहे.

आणखी आठ दिवस गेले. पुन्हा दोन पिल्लं सुटली. दिवस मावळताना ती बिचकत झाडावर चढली, आणि थोरली फांदीवर जरा पलीकडे सरकली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. असं करता करता नऊच्या नऊ वर गेली. मग सोळा जणींनी एका सुरात असा कलकलाट केला की टेकाडावरचे झाडून सगळे साप नदीपार गेले, ते परत आले नाहीत, असं सांगतात. अलीकडे एक दिसला होता. तो शेजारच्या गावचा असल्याचा खुलासा झाला.

आक्का कूड मोडायला वाकली, तर पाणवठ्यावरच्या बायका घागरी ठेवून आल्या.

"राहू दे गं," त्यातली थोरली सरजाबाई म्हणाली. "आत जागा आहे का?"

आक्का जरा पलीकडे सरकली.

अजूनही तरसखोरीत नवं माणूस आलं की, मग ती सून असो वा मास्तर, त्याला सात दिवस दुपारी कडुलिंबाखालच्या कुडात बसवतात. जात, पगार, माहेर यांपैकी काही विचारायचं नाही. बाहेर बसून आपली भाकरी खायची, आतल्याला त्याची खाऊ द्यायची. आठव्या दिवशी दोघीजणी येऊन हाताला धरून बाहेर नेतात. एका ग्रामसेवकाची सहाव्याच दिवशी बदली झाली. त्याचा एक दिवस बाकी आहे, असं गाव मानतं.

ही जागा 'धुरपाआक्काचा कूड' म्हणून गावदप्तरी लावावी, असा अर्ज ग्रामस्थांनी नऊ वर्षांपूर्वी केला. बांधकाम कायम स्वरूपाचं आहे की तात्पुरतं, अशी कचेरीतून विचारणा झाली. कूड दरवर्षी मोडतो आणि दरवर्षी घातला जातो, असं ग्रामस्थांनी कळवलं. अर्ज विचाराधीन आहे.