फणसाची सुईण

ऐका बायांनो, आणि ओटीवर बसलेल्यांनीही इकडे कान द्या. फार वर्षांपूर्वी आंबेखोल गावात घड्याळ एकही नव्हतं, पाळणे मात्र घरोघर होते. त्या गावात यसाक्का नावाची सुईण होती. तिचा हात लागला की आडवं आलेलं मूलसुद्धा शहाण्यासारखं सरळ व्हायचं, असं म्हणतात.

तेव्हाची रीत अशी, की बाराव्या दिवशी सुवेर, म्हणजे बाळंतपणाचं सोयर, फिटलं की लगेच बाळंतिणीच्या डोक्यावर हंडा. वर्ष सरत नाही तोवर बाई पुन्हा पोटुशी. यसाक्काला हे बघवेना. तिनं ग्रामदेवीला हात जोडले आणि घरोघर जाऊन एकेकीला विचारलं, "तुझं काय म्हणणं गो?" हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. काही रडल्या, काही हसल्या, पण म्हणणं सगळ्यांचं एकच निघालं. मग तिनं सासवांना सांगितलं, "आजपासून सुवेर सव्वा महिन्याचं. बाळंतिणीला शिवायचं नाही, कामाला लावायचं नाही. आणि ती हो म्हणेपर्यंत नवऱ्यानं ओटीवर निजायचं. पटत नसेल तर पुढचं बाळंतपण तुमचं तुम्ही करा."

पटलं. ओट्या भरून गेल्या. करायला दुसरं काही नाही म्हणून बाप्यांनी टाळ हाती घेतले, आणि आंबेखोलचं भजन सात गावांत गाजलं, असं म्हणतात.

गावाच्या वरच्या अंगाला राई होती आणि राईत झरा. पाणी इतकं जवळ, की बाळंतीण निजून असली तरी घरची म्हातारी भरू शके. पण दाजीबा खोतानं ती राई एका कोळसेवाल्याला विकायचं ठरवलं. राई गेली की झरा आटणार, आणि मग नदी दोन कोसांवर. तिथून पाणी आणायचं तर घरातलं प्रत्येक डोकं लागणार, बाळंतिणीचंही. बायकांना दिलेला शब्द खोटा पडणार म्हणून यसाक्काला दोन दिवस अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी ती राईत देवीला दिवा लावायला गेली. बघते तर म्हातारा फणस बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लगडलेला. यसाक्का एकटीच हसली.

कुऱ्हाडीवाले आले तेव्हा फणसाला कान झाकून फडकं बांधलेलं, शेजारी शेगडीत ओव्याची धुरी, आणि बुंध्याशी यसाक्का आळिवाचे लाडू घेऊन बसलेली.

"पुढं येऊ नका," ती म्हणाली. "बाळंतीण आहे."

कुऱ्हाडीवाले चपला हातात घेऊन परतले. मग खोत तणतणत आला.

"झाड कधी बाळंत होतं का गो?"

"अंगाला पोरं लोंबतायत. याला तुमच्यात काय म्हणतात?"

"किती दिवस?"

"सव्वा महिना. मग जांभळीचे दिवस भरतील, मग रतांब्याचे."

खोतानं रागानं फणसावर थाप मारली. "ही बघ, शिवलो. काय झालं?"

काय झालं ते घरी त्याच्या आईनं, गोदूआईनं, दाखवलं. तिनं त्याला उंबऱ्याबाहेरच धरलं. "शिवलास ना? मग तुलाही सुवेर. बस आता सव्वा महिना." बाजेवर निजवलं, कान बांधले, धुरी दिली, लाडू चारले. कुणी त्याला काम सांगेना, कुणी उठवीना. आठव्या दिवशी खोताची कुरकूर थांबली. पंधराव्या दिवशी तो म्हणाला, "आये, तुला किती दिवस मिळाले होते गो?"

"बारा," गोदूआई म्हणाली. "त्यातही दोन दिवस भात झोडला."

खोतानं हातातला लाडू आईच्या हातावर ठेवला.

कोळसेवाला करार घेऊन आला, तेव्हा आतून खोताचाच आवाज आला, "इथं बाळंतीण आहे." कोळसेवाल्यानं डोकावून पाहिलं. झुपकेदार मिशा, कानाला फडकं, हातात लाडू. तो जो पळाला, तो खाडी ओलांडूनच थांबला, असं म्हणतात. त्या वर्षी झऱ्याला दुधासारखं पांढरं पाणी आलं, आणि ते प्यायलेल्या एकाही आईला दुधाची उणीव पडली नाही, असंही म्हणतात.

आजही आंबेखोलात चैत्रात लगडलेल्या झाडांना फडकी बांधतात. बाळंतिणीच्या घरचं पाणी सव्वा महिना बाप्येच भरतात. मागे एक सरकारी साहेब राईतली झाडं मोजायला आले होते. वहीत आकडे मांडू लागले तशी एक म्हातारी जवळ जाऊन म्हणाली, "लेकुरवाळ्या वेगळ्या लिहिल्यात ना, बाबा?"

साहेबांनी वहीत वेगळा रकाना आखला.