कमावलेला गाल

डोंगराच्या पायथ्याला वसलेल्या एका गावात हैबती नावाचा सनईवाला राहायचा. सनईवाले त्या मुलखात पुष्कळ होते, पण हैबतीसारखा दम कुणाला नव्हता. दम म्हणजे छातीचा नव्हे. छाती काय, सगळ्यांनाच असते. हैबतीचा दम गालात होता.

वाजवता वाजवता श्वास घ्यायला थांबलं की सनईचा सूर तुटतो. म्हणून जाणता वाजवणारा गाल फुगवून त्यात वारा साठवतो. मग नाकानं नवा श्वास घेतो आणि तेवढ्यात गाल आवळून साठवलेला वारा सनईत सोडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस श्वासच घेत नाही. हैबतीचे गाल असे फुगायचे की बाया म्हणायच्या, याच्या तोंडात दोन कैऱ्या आहेत.

त्या गावचा एक रिवाज होता. चैत्रात भैरोबाची जत्रा भरायची आणि तीत देवाचं लग्न लागायचं. देवाला हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत सनईचा सूर तुटता कामा नये. तुटला तर देवाचं लग्न मोडलं, आणि देवाचंच मोडलं तर त्या वर्षी गावात कुणाच्याही दारात मांडव पडायचा नाही. रिवाज शहाणपणाचा होता की खुळेपणाचा, ते सोडा. होता आणि सगळे पाळत होते. वीस वर्षं तो सूर हैबतीनं धरला होता. एकदाही तुटला नव्हता.

आता माणूस एखाद्या कामात हुशार निघाला की त्याला त्यात अक्कल चालवायची खाज सुटते. लग्नाच्या घरी सनईवाल्याला विडा मिळतोच. हैबतीला सुपारीची चटक लागली. सुपारी, कात, चुना, सगळं डाव्या गालात दाबायचं आणि दिवसभर चघळत बसायचं. सुपारीच्या तुरटपणानं गाल आतून ओढल्यासारखा व्हायचा. हैबतीला वाटलं, गाल घट्ट होतोय. घट्ट गालात वारा जास्त राहणार. तो चारचौघांत सांगायला लागला, "पैलवान अंग कमावतो, मी गाल कमावतोय."

त्याच्याबरोबर संबळ वाजवायला गेनबा असायचा. लग्नसराईत संबळ आणि एरवी वहाणा शिवणं, हा त्याचा धंदा. जन्म कातड्यात गेलेला. त्यानं हे ऐकलं आणि तो हसला नाही.

"हैबती, कमावणं म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?"

"तूच सांग. तू मोठा पंडित."

"मेलेल्या जनावराचं कातडं बाभळीच्या सालीत न् हिरड्यात भिजत घालायचं. तुरट रस आत मुरला की ते निबर होतं. कुजत नाही, ताणत नाही. त्याला कमावणं म्हणतात. कातानंही कातडं कमावतात, बाबा. तू तोच कात तोंडात धरून बसलायस."

"मग बरंच की. टिकंल."

"वहाणेचं टिकतं. पण कमावलेलं कातडं संबळावर चढवून बघ. थप्प वाजतं. संबळाला कच्चं लागतं."

हैबती म्हणाला, "तोंडात सगळं सारखंच कातडं. टाळूला चटका बसतो, हिरडीला हाडूक टोचतं, त्यांना काय होतं? गालालाच काय होणार?"

गेनबानं कपाळाला हात लावला. "सारखं नाही रे. देवानं तोंडात तीन तऱ्हेचं कातडं लावलंय. टाळूचं न् हिरडीचं जाड, खाली हाडाला घट्ट चिकटलेलं. घासाचा रगडा सोसायला. जिभेवरचं खरखरीत, बारीक बारीक टोकं उगवलेलं. चव घ्यायला न् घास हलवायला. आणि गालाचं, ओठाच्या आतलं, जिभेखालचं, ते पातळ, ओलं, ढिलं. ताणलं की ताणतं, सोडलं की जागेवर येतं. त्याला रगडा सोसत नाही. त्याचं काम वेगळं. तुझी सनई त्या ढिल्या कातड्यावर वाजते."

"दुखतंय का मला?" हैबती म्हणाला. "नाही ना? मग झालं तर."

आणि त्यानं नवी सुपारी तोंडात टाकली.

दोन वर्षं गेली. हैबतीची बायको आधीच वारली होती. घरात तो आणि मुलगी अनशी. एकदा अनशीनं मिरचीचा खर्डा केला. पहिला घास तोंडात गेला आणि हैबती ओरडला, "आग लावलीस का तोंडाला?" मग साधी आमटीही झोंबायला लागली. शेजारणी म्हणाल्या, तोंड आलंय, उष्णता झालीय, जाईचा पाला चघळा. हैबतीनं पाला चघळला आणि त्यावर सुपारी चघळली.

अनशी म्हणाली, "आबा, तोंड आलं तर चार-आठ दिवसांत जातं. तुमचं आठ महिने आलंय. हे कसलं येणं?"

"तू चुलीकडं बघ," हैबती म्हणाला.

पण तीच एक दिवस त्याला ओढत तालुक्याला घेऊन गेली. तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला. धडधाकट माणसाची तीन जातात. हैबतीची दोनच गेली, तीही ओठ ताणून. बाईंनी बत्ती लावून आत पाहिलं. जिथं गाल गुलाबी हवा, तिथं तो संगमरवरासारखा पांढरट पडला होता. बाईंनी बोटानं चाचपलं तर आत दोऱ्या हाताला लागल्या.

"या मऊ कातड्याखाली बारीक धागे असतात," बाई म्हणाल्या. "गाल ताणतो तो त्यांच्यामुळं. सुपारीनं ते धागे जाड झालेत आणि एकमेकांना चिकटलेत. आज सुतळी झालीय. उद्या दोरखंड होईल."

"पण बाई, गाल दुखत नाही. तिखट लागलं तर झोंबतं, एवढंच."

"दुखत नाही म्हणून तर एवढ्या उशिरा आलात. आजपासून सुपारी बंद करा. केलीत तर आहे तिथं थांबेल. गेलंय ते पुरतं परत येणार नाही, हे मी तुम्हाला खोटं सांगत नाही. नाही केलीत तर तोंड मिटत जाईल, आणि या पांढऱ्यातून कधी कर्करोगाची गाठ धरेल त्याचा नेम नाही."

परतताना अनशी बोटांवर दिवस मोजत होती. तिचं लग्न ठरलेलं होतं. पलीकडच्या गावच्या कोंडाजी म्हणून भल्या माणसाचा मुलगा, वैशाखातली तिथी. देवाचं लग्न चैत्रात, सहा आठवड्यांवर.

हैबतीनं हिशेब केला तो असा. सुपारी सोडली की गाल ढिला पडणार. गाल ढिला पडला की वारा सुटणार. वारा सुटला की सूर तुटणार, आणि सूर तुटला तर अनशीचा मांडव पडणार नाही. म्हणून जत्रा होईपर्यंत सुपारी सोडायची नाही. उलट दोन जास्त खायच्या.

"एवढी जत्रा होऊ दे," तो गेनबाला म्हणाला. "पोरीसाठी करतोय मी हे."

गेनबा म्हणाला, "पोरीसाठी करतोस तर पोरगी सांगतीय ते कर की."

हैबतीला राग आला. माणसाला आपली खोड सोडायची नसली की पोराबाळांना पुढं करता येतं. तो म्हणाला, "तू वहाणा शिव. सनईतलं तुला काय कळतं?"

गेनबा वहाणा शिवायला बसला. सांगून सांगून माणूस थकतो.

चैत्र आला. देवाला हळद लागली. हैबतीनं सनई ओठात धरली. ओठांत ती नीट बसली. सूर लागला, बरा लागला. गेनबाचा संबळ सुरू झाला. पहिला श्वास घ्यायची वेळ आली. हैबती गाल फुगवायला गेला आणि गाल फुगला नाही. वाळल्या कातड्यासारखा तो दाताला चिकटून राहिला. आत वारा साठवायला जागाच नव्हती. छातीत होता तेवढा वारा त्यानं रेटला. डोळे बाहेर आले. मानेच्या शिरा दोरासारख्या उभ्या राहिल्या. गेनबानं ते पाहिलं आणि संबळाची लय वाढवली, की तेवढ्या आवाजात झाकलं जावं. पण संबळ सूर झाकू शकतो, सूर नसणं झाकू शकत नाही.

अजून मंगलाष्टकं सुरूही झाली नव्हती. सनई थांबली.

हजार माणसं उभी होती. पुजाऱ्यानं अंतरपाट खाली ठेवला. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "गेलं वर्ष," आणि लोक अक्षता तशाच मुठीत घेऊन घरी गेले.

त्या दिवशी हैबतीनं सुपारी थुंकली. पुन्हा खाल्ली नाही. पण त्याला कोण विचारतं? दोरखंड वळून झाला होता. महिन्याभरात तोंडात एकच बोट जायला लागलं. अनशी भाकरी दुधात कुस्करून, गाळून, वाटीनं त्याच्या दातांच्या फटीत सोडायची. बोलणं म्हणजे नुसती गुणगुण उरली.

वैशाखात कोंडाजी आले. हैबतीच्या ओसरीवर चार माणसं जमली. कोंडाजींचं म्हणणं सरळ होतं. यंदा या गावात मांडव पडत नाही, ते कबूल. पुढच्या वर्षापर्यंत थांबायला आमची ना नाही. पण मुलीच्या बापानं तसा शब्द मागावा. आम्ही आपण होऊन थांबलो तर आमच्यातच काही खोट आहे, असं लोक म्हणतील. बापानं चारचौघांत एक वाक्य बोलावं, की पाव्हणं, वर्षभर थांबा. बस्स.

सगळे हैबतीकडं पाहायला लागले. अनशी दाराच्या आड उभी होती.

हैबती उठला. हात जोडले. बोलायला गेला, आणि मिटल्या दातांतून आवाज आला तो असा, जसा तोंडात तोबरा भरलेल्या माणसाचा येतो.

कोंडाजींच्या कपाळाला आठी पडली. "काय म्हणालात?"

हैबती पुन्हा बोलला. पुन्हा तसंच.

"अहो, सोयऱ्याशी बोलताना तरी सुपारी थुंका," कोंडाजी म्हणाले. "या सुपारीनं देवाचं लग्न मोडलं म्हणून ऐकलं होतं मी. मला वाटलं, लोक वाढवून सांगतात. माझ्यासमोरसुद्धा गाल भरून बसलात?"

गेनबा धावला. "पाव्हणं, तोंड रिकामं आहे हो त्याचं. शपथ घेतो मी."

"शपथ कशाला? उघडून दाखवू दे की."

केवढीशी गोष्ट. तान्हं मूल करतं. जांभई आली की कुत्रं करतं. हैबतीनं दोन्ही हातांनी जबडा धरला आणि ओढला. ओठाचा कोपरा फाटला, हनुवटीवर लाल ओघळ आला. तोंड एका बोटापलीकडं उघडलं नाही. लांबून बघणाऱ्याला तो ओघळ पानाच्या पिंकेसारखा दिसला.

कोंडाजी उठले. वहाणा पायात घातल्या. "ज्याला आपल्या लेकीपेक्षा सुपारी गोड लागते, त्याच्या घराशी सोयरीक नको," असं म्हणून ते वाटेला लागले.

हैबती हात जोडून तसाच उभा होता. दाराआडची अनशी कधीच आत निघून गेली होती. गेनबा खाली मान घालून बसला होता, कारण कोंडाजी बोलले त्यातला निम्मा भाग खरा होता, आणि खोडायचा कुठला ते त्याला कळत नव्हतं.

तात्पर्य: दुखत नाही याचा अर्थ सोसतंय असा नव्हे. ज्याची ताकद मऊपणात आहे त्याला कठीण करू जाल, तर मऊपणाही जाईल आणि ताकदही. आणि सोडायची ती वस्तू आजच सोडावी. नंतर थुंकलेल्या सुपारीला कुणी साक्षीदार मिळत नाही.