पाठ दाखवू नये

फार पूर्वी, मोठी माणसं कधीच चुकत नसत त्या काळात, एका डोंगराळ राज्यात एक मुलगी राहत होती. ती धावायला लागली की तिची वेणी पाठीला टेकत नसे. आधी तिने गावच्या पोरांना मागे टाकलं, मग साऱ्या राज्याला. मग परमुलखांतून बोलावणी येऊ लागली. ती एकटी जाई, एकटी धावे, आणि जिंकून आली की वेशीवर ओळीने बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडे.

"आमच्या विहिरीचं पाणी," ते एकमेकांना सांगत. त्याच विहिरीचं पाणी तेही प्यायले होते, पण ते कुणी बोलत नसे.

एका वर्षी पाच राज्यांनी मिळून दांड्याची शर्यत ठरवली. चौघांनी एकामागून एक धावायचं आणि हातातला लाकडी दांडा पुढच्याला द्यायचा. जिंकणारे चौघे समुद्रापलीकडच्या मोठ्या जत्रेत धावणार होते. समुद्रापलीकडे धावायचं, एवढंच त्या मुलीला लहानपणापासून हवं होतं.

राज्याने चौघं निवडली. पहिले दोघे कोवळे भाऊ, तिसरा राज्याच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याचा थोरला मुलगा आणि शेवटची ती. कारभाऱ्याच्या मुलाला ती दादा म्हणे. दादा मिशाळ होता, लेकुरवाळा होता, पण धावायचा झकास.

कोरड्या तळ्यात सराव सुरू झाला. दांडा घ्यायची युक्ती मुलीने परमुलखात बघून आणली होती. देणारा जवळ येऊ लागला की घेणाऱ्याने त्याच्याकडे पाठ करून आधीच धावत सुटायचं आणि डावा हात मागे करायचा. देणाऱ्याने "घे" म्हणायचं आणि दांडा हातात ठेवायचा. मागे बघायचं नाही. बघितलं की वेग गेला.

थोड्याच दिवसांत तिचं आणि दादाचं असं जमलं, की दांडा कधी एका हातातून दुसऱ्या हातात गेला ते बघणाऱ्याला कळत नसे.

मग एके सकाळी कारभारी पानाचा डबा घेऊन सराव बघायला आला. बघता बघता त्याचं पान चघळणं थांबलं.

"इकडे ये गं. हे काय चाललंय?"

"दांडा घेतेय, आबा."

"असा घेतात? तो तुझ्याहून वडील. त्याच्याकडे पाठ करतेस, वर डावा हात पुढे करतेस?"

"पुढे नाही आबा, मागे."

"उलट बोलू नकोस."

"त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले, तर बाकीचे निघून जातील, आबा."

"जाऊ देत. त्यांना कुणी वळण लावलं नसेल. आपली पोर थोरल्याला पाठ दाखवते, हे बघायला मी पाच राज्यांच्या मांडवात बसू? दोन्ही हातांनी घ्यायचा, मान लववून घ्यायचा. नसेल जमत तर घरी बस."

दोघा भावांतला एक चाचरत म्हणाला, "आबा, मी दादांना दांडा देतो तेव्हा त्यांचीही पाठच असते माझ्याकडे."

"तो मोठा आहे. त्याची पाठ चालते."

मुलीने दादाकडे पाहिलं. "दादा, तुम्ही सांगा ना."

दादाला सगळं कळत होतं. तो खाली वाकला आणि पायात न रुतलेला काटा काढू लागला.

शर्यतीच्या सकाळी वेणी घालताना आई म्हणाली, "एकदा त्यांचं ऐक. मग जन्मभर धाव."

शर्यतीत दादा सगळ्यांच्या पुढे आला. बाकीच्या चार राज्यांचे शेवटचे धावणारे अजून आपापल्या माणसांची वाट बघत होते. या मुलीचा डावा हात आपोआप मागे जाऊ लागला. तिथे तिला कोण अडवणार होतं? पण समोर मांडवात कारभारी बसला होता. तिने हात आवरला. वळली, मान लववली, दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"द्या, दादा."

दादालाही थांबावं लागलं. मांडवात म्हातारे खूश झाले. "याला म्हणतात वळण."

दांडा घेऊन ती वळली, तेव्हा तिला पुढे चार पाठी दिसल्या. तिने एक पाठ मागे टाकली, दुसरी टाकली, तिसरीही टाकली. चौथी हाताच्या अंतरावर आली आणि मैदान संपलं.

गावी परतल्यावर पारावर बैठक बसली.

"पोर निघायलाच उशीर करते," कारभारी म्हणाला.

"दादा, आता तरी सांगा," ती म्हणाली.

दादाने बापाकडे पाहिलं. "उशीर झाला खरा," तो म्हणाला. आणि ते खोटंही नव्हतं.

पुढल्या वर्षी तिच्या जागी दुसरी आली. शेजारच्या राज्याने तिला बोलावणं धाडलं, तर कारभाऱ्याने तिला न विचारताच कळवलं, आमची पोर येणार नाही. आईचं "जन्मभर" एवढंच निघालं. धावण्याचं वय विहिरीतल्या पाण्यासारखं राखून ठेवता येत नाही, ते गेलं. त्या राज्याचे धावणारे आजही मान लववून दांडा घेतात आणि पाचही राज्यांत सर्वांत आदराने हरतात.

पुढे कारभारी वारला. त्याला अग्नी देऊन सगळे स्मशानाच्या वाटेने परत निघाले. निघताना मागे वळून बघायचं नाही, हीही तिथलीच रीत. सगळ्यांच्या पुढे दादा होता.

वाटेच्या कडेला ती उभी होती. तिच्याजवळ येऊन दादा थबकला. "काय बघतेस?"

"तुमची पाठ, दादा. आबांकडे केलेली."

तिने मान लववून त्याला वाट दिली.

तात्पर्य, आणि हे लहानांसाठी नाही: पुढे जाणाऱ्याची पाठ मागे राहिलेल्यांना दिसणारच. ज्यांना त्यात अपमान वाटतो, त्यांच्या हाती दांडा देऊ नये.