कावळ्यांच्या बेटावरचा घास

एक होता समुद्र. त्याच्या काठी होतं एक खोपट, आणि खोपटात राहायची तीन माणसं. आई, मोठी लेक मोतन, आणि धाकटा लेक धाकू. दारात मोतनची शेळी. या, सरका जवळ, पांघरुणासाठी भांडू नका. गोष्ट जरा रडकी आहे, बरं का.

हा धाकू होता तापट. गाठ सोड म्हटलं तर दोर तोडायचा. पण मोतनअक्का त्याला पुरती ओळखून होती. तिनंच त्याला शीड बांधायला शिकवलं, वारा कानाच्या पाळीवर ओळखायला शिकवलं. आणि तिची एक रीत होती. धाकू जेवल्याशिवाय ती ताटावर बसायची नाही. तो रुसून माडावर चढला, तर ही खाली भात झाकून बसायची. म्हणायची, "उतर रे माकडा, माझ्या पोटात कावळे ओरडतायत!"

मग एकदा काय झालं, मोतनअक्का ओहोटीला खडकावर कालवं काढायला गेली. एक लाट आली. लाट परत गेली. खडकावर कोयती राहिली, अक्का राहिली नाही.

खूप शोधलं. सापडली नाही. मग दहाव्या दिवशी आईनं किनाऱ्यावर भाताचा पिंड ठेवला. कावळा त्याला शिवला, की गेलेलं माणूस जेवलं आणि पुढच्या वाटेला लागलं, असं आपण समजतो ना? कावळा आलाही लगेच. वाकड्या चोचीचा होता. पण धाकूच्या मनात आलं, हा शिवला म्हणजे अक्का गेली. न शिवला तर? उचलला दगड, मारला. दुसरा मारला, तिसरा मारला. दिवस बुडेपर्यंत त्यानं एका कावळ्याला जवळ येऊ दिलं नाही. भटजींनी दर्भाचा कावळा केला, तोही त्यानं पाण्यात भिरकावला.

"अरे, काय मांडलंयस हे?" आई म्हणाली.

"माझी अक्का कुठं गेलेली नाही! ती आली की मी जेवीन."

आणि तो जेवेचना. शहाळ्याचं पाणी तेवढं प्यायचा, आणि खडकाकडे बघत बसायचा.

तेव्हा गावातला म्हातारा तांडेल, गोदबा त्याचं नाव, काठी टेकत आला. सगळा जन्म त्यानं होड्या हाकल्या होत्या. तो म्हणाला, "शहाण्या, उपाशी ठेवलंस तिला. ज्यांच्या भाताला कावळा शिवत नाही, ती माणसं कावळ्यांच्या बेटावर अडकतात. तीन दिवस दक्षिणेला जा. बेट उजव्या हाताला ठेवून फेरी घाल. जिथं शीड आपोआप पडेल, तिथं उतर."

धाकूनं 'उपाशी' ऐकलंच नाही. 'बेटावर' एवढंच ऐकलं, आणि होडीकडे धावला. आईनं मागून धावत जाऊन केळीच्या पानात बांधलेला भात त्याच्या हातात कोंबला. तीन दिवसांत नासेल म्हणता? आईनं बांधलेला तो. नासतोय कसला!

शिडाला अक्काच्या जुन्या लुगड्याचं हिरवं ठिगळ होतं. वारा भरला, ठिगळ फुगलं. एक दिवस गेला, दोन गेले, तिसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसलं. काय सांगू तुम्हांला! डोंगर पाचूसारखा हिरवा. पाणी इतकं नितळ, की खालून कासव गेलं तर त्याच्या पाठीवरची नक्षी मोजावी. पण पाखरांची जात एकच. जिकडे तिकडे कावळे.

धाकूनं बेट उजव्या हाताला ठेवलं आणि फेरी सुरू केली. पांढऱ्या वाळूशी आला, आणि वारा असून शीड पडलं. उतरला. वाळूत पावलं होती. डाव्या पायाची करंगळी नसलेली. अक्काची करंगळी लहानपणी कालवाच्या शिंपीनं कापली होती, बरं का. "अक्का!" करत तो पावलांमागून पळाला. पावलं संपली तिथं कालवांचा ढीग होता. सगळी फोडलेली, आणि प्रत्येकात नुसती वाळू.

मग होडीत बसून पुढे निघाला. केवड्याच्या बनाशी शीड पुन्हा पडलं. आत तीन दगडांची चूल पेटलेली, वर मडकं रटरटत होतं. झाकण काढून बघतो, तर आत गारगोट्या शिजत होत्या. चुलीपुढे दोन पानं मांडली होती. एक मोठं, एक लहान. आता धाकूला तांडेलाचा तो 'उपाशी' शब्द ऐकू आला.

मग तिसऱ्यांदा शीड पडलं ते काळ्या खडकांपाशी, थेट आपल्या गावच्यासारख्या. वर उंडीचं झाड, झाडावर पानांपेक्षा कावळे जास्त. आणि खाली बसली होती मोतनअक्का. वाळली होती नुसती.

"चल अक्का, होडी आणलीय!" त्यानं तिचा हात धरला. हात पाण्यासारखा निसटला.

"भूक लागलीय रे," ती म्हणाली.

त्यानं भात पुढे केला. तिच्या ओंजळीत पडताच शितांची वाळू झाली.

धाकू म्हणाला, "अक्का, कावळा मी हाकलला गं."

"माहीत आहे," ती हसली. "एवढे दगड मारलेस, एक तरी लागला का? असा नेम दुसऱ्या कुणाचा असणार!"

त्यालाही हसू आलं, आणि त्याच हसण्याचं रडू झालं. त्यानं भात खडकावर ठेवला आणि झाडाकडे बघून हात जोडले. कावळे हलले नाहीत.

"आईला पाणी मी भरून देईन," तो म्हणाला. एकही कावळा आला नाही.

"तुझी शेळी मी सांभाळीन. कुणाला देणार नाही." वाकड्या चोचीच्या कावळ्यानं मान तिरकी केली, आणि बसून राहिला.

"मग काय हवंय तरी काय तुला?" धाकू ओरडला.

अक्कानं हळूच विचारलं, "तू कधी जेवलास?"

धाकूला ते चुलीपुढचं लहान पान आठवलं. माडाखाली झाकून ठेवलेलं ताट आठवलं. मग त्यानं भातातला एक घास उचलला. तो जेवला, की कावळा येणार. कावळा आला, की अक्का जाणार. हे त्याला कळत होतं, बरं का. घास तोंडात जाईना. मग गेला. मग गिळवेना. डोळ्यांतलं पाणी ओठांवर आलं, तोच घास खारट झाला, आणि त्यानं तो गिळला.

फड् फड् फड्. वाकड्या चोचीचा कावळा खाली उतरला आणि भाताला शिवला.

अक्काच्या तोंडावर तुकतुकी आली. पोटभर जेवल्यावर येते ना, तशी. "आता बरं वाटलं," ती म्हणाली. मग एक लाट आली. लाट परत गेली. खडकावर धाकू एकटाच होता.

त्यानं उरलेली फेरी पुरी केली आणि घरी आला. आई किनाऱ्यावरच उभी होती. तिनं पान वाढलं. तो जेवला.

पुढं रोज तो आधी एक घास आपण खायचा आणि मग कावळ्याला ठेवायचा. लोक म्हणायचे, "ही कसली उलटी रीत?" तो म्हणायचा, "आमच्या घरी असंच असतं." आईचं पाणी त्यानं भरलं, शेळीला सात करडं झाली, आणि ती दोघं सुखानं राहिली. रडू यायचंच त्याला. पण जेवून यायचं.

झाली गोष्ट. तुम्ही सगळे जेवलात ना पोटभर? मग मिटा बघू डोळे.