औषधाच्या पैशांची शेळी

फार फार वर्षांपूर्वीची, राण्या प्रजेची दुखणीखुपणी स्वतः विचारायच्या तेव्हाची गोष्ट. एका नदीकाठी कुंभारांची दोन घरं होती. मधे एक बुटकी भिंत. अलीकडे गिरजा राहायची, पलीकडे चंपा. दोघींचे नवरे चाकावर बसायचे आणि दोघी माती तुडवायच्या. मडकी मात्र एकाच भट्टीत भाजायची रीत होती, कारण एका घरच्या मडक्यांनी भट्टी अर्धीच भरे आणि अर्ध्या भट्टीत जाळ धरत नसे.

एका वर्षी चंपाचा नवरा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला. चाक थांबलं, चूलही थांबायला आली.

त्या राज्याच्या राणीचा एक नियम होता. घरातला कमावता माणूस आजारी पडला, की तो बरा होईपर्यंत दर पौर्णिमेला त्या घरच्या बाईच्या हातात पैशांची थैली द्यायची, आणि खर्च कशावर केला ते विचारायचं नाही. राणी म्हणायची, "दुखणं ज्यांच्या घरात, काय हवं ते त्यांनाच कळतं."

चंपाला थैली मिळाली. खोटं कशाला सांगू, गिरजालाही आधी बरंच वाटलं. पण चारच दिवसांनी भिंतीपलीकडून भाताचा वास आला. गिरजाच्या ताटात रोजची भाकरी होती. ती घशाखाली उतरेना.

दुसऱ्या थैलीनंतर चंपाच्या दारात दुभती शेळी आली. तिसऱ्या थैलीनंतर माती तुडवून मडकी घडवायला गडी आला. गिरजा स्वतः गुडघाभर चिखलात उभी, आणि शेजारीण नवऱ्याच्या उशाशी बसलेली! गिरजाच्या जिवाची नुसती लाही लाही झाली. दिवसातून दहा वेळा ती भिंतीवरून डोकावायची आणि दहाही वेळा जळफळत परतायची.

एकदा तर तिनं जेवायला बसलेल्या नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"काय झालं गं?" त्यानं विचारलं.

"काय व्हायचंय? इतकी वर्सं झाली लग्नाला, तुमाला कधी साधा ताप न्हाई आला!"

"अगं, मी धडधाकट हाय ह्याचं वाईट वाटतंय व्हय तुला?"

गिरजानं त्याच्या ताटात भाकरी आदळली. लाज वाटायला हवी होती, पण हेव्यानं भरलेल्या मनात लाजेला जागा कुठली?

दुसऱ्या दिवशी ती तडक थैल्या वाटणाऱ्या राणीच्या कारभाऱ्याकडे गेली. "सरकार, औषधाच्या पैशांची शेळी आली हो! भात शिजतोय, गडी राबतोय. नवऱ्याच्या दुखण्यावर मजा मारतीया ती!"

कारभारी उतावळा माणूस. राणीला न विचारताच तो चंपाच्या दारात येऊन उभा राहिला. शेळी समोरच बांधलेली होती.

चंपा हात जोडून म्हणाली, "दादा, औषध लई जळजळीत हाय. उपाशी पोटी दिलं की ओकून टाकत्यात. वैद्यबुवा म्हनले, मऊ भात द्या, दूध द्या. अन् मी माती तुडवाय गेले तर त्यांना उठवून बसवायचं कुनी?"

"पैसे औषधाचे होते," कारभारी म्हणाला. "यापुढे थैली बंद. औषधाच्या पुड्या घरपोच येतील, आणखी काय हवं?"

भिंतीआड उभ्या असलेल्या गिरजानं हे सगळं ऐकलं. कितीतरी दिवसांनी त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली.

पुड्या वेळेवर आल्या, पण घरातले तांदूळ संपले. शेळी विकून काही दिवस निघाले. मग गडी गेला आणि चंपा दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाऊ लागली. आजारी माणूस दिवसभर एकटा पडून राहायचा. औषध पोटात ठरत नव्हतं आणि बायकोचे हाल त्याला बघवत नव्हते. आधी आलेली जराशी ताकद उरली होती, तेवढ्यावर तो एका सकाळी उठला आणि चाकावर जाऊन बसला. पहिलंच मडकं अर्ध्यावर आलं आणि तो तिथेच कोसळला. जीव वाचला, पण चाक कायमचं सुटलं. चंपा त्याला बैलगाडीत घालून माहेरी घेऊन गेली.

बाजार जवळ आला. गिरजाच्या नवऱ्यानं एकट्यानं भट्टी रचली. ती अर्धी रिकामी राहिली. जाळ फटीफटींतून निसटला आणि मडकी कच्चीच निघाली. पाणी भरताच तळ सुटू लागले. एकेक मडकं बाजूला ठेवत तो म्हणाला, "पलीकडलं चाक चालू असतं तर भट्टी भरली असती."

गिरजा तिथेच रडली. मडक्यांसाठी किती आणि चंपासाठी किती, हे तिचं तिलाच ठाऊक.

मग मात्र ती थेट राणीसमोर गेली आणि काही न लपवता सगळं बोलली. राणीनं कारभाऱ्याला हाकललं, थैली पुन्हा सुरू केली आणि ती गिरजाच्याच हातात दिली. "तू थांबवलीस, तूच नेऊन दे."

"पर राणीसाहेब, आता त्यो बरा व्हनार का?"

"ते माझ्या खजिन्यात नाही," राणी म्हणाली.

तीन कोस चालून गिरजा चंपाच्या माहेरी पोचली. अंगणात चंपा नवऱ्याला हातानं घास भरवत होती. गिरजानं थैली पुढे केली आणि खाली मान घालून म्हणाली, "चंपे, मीच सांगितलं व्हतं."

"ठावं हाय," चंपा म्हणाली. "मला ठावं व्हतं."

तिनं थैली घेतली, कारण घरात गरज होती. गिरजाला तांब्याभर पाणी दिलं, कारण ती उन्हातून आली होती. पण बस म्हणाली नाही. गिरजा उभ्यानंच पाणी प्यायली आणि आली तशी परत निघाली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हातातली मदत मोजण्याआधी त्याच्या घरातलं दुःख बघावं, हेव्यानं मोडलेलं घर पश्चात्तापानं उभं राहत नाही.