तिसरी मोळी

काडेपेटी जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. घाटमाथ्यावर एक गाव होते. पावसाळ्याचे चार महिने तिथे धुक्यात घर दिसत नसे. चकमक झाडली, तरी ठिणगी ओल्या कापसात विझून जाई. म्हणून गावाने मिळून एक विस्तवघर बांधले होते. तिथली धुनी बारा महिने पेटती असे. रोज सकाळी बायका खापर घेऊन उंबऱ्याशी येत, राखणदार त्यात निखारे घाली आणि मग घरोघरी चुली पेटत.

याबद्दल प्रत्येक घराने महिन्याला सरपणाची एक मोळी द्यावी, अशी रीत होती. राखणदाराखेरीज कोणी उंबरा ओलांडू नये, अशीही एक रीत होती.

राखणदाराच्या वडिलांनी हेच काम जन्मभर केले. मोळी त्यांनी कधी वाढवली नाही, म्हणून लोक त्यांना देवमाणूस म्हणत. देवमाणूस खरेच, पण छपराचा एकही वासा त्यांनी कधी बदलला नव्हता! धुनी मुलाच्या हाती आली, तोवर वासे वाळवीने पोखरले होते. जवळचे खैराचे रानही तुटून गेले होते. लोक आता पांगाऱ्याची हलकी लाकडे आणत. मोळी दिसायला तेवढीच, पण बघता बघता तिची राख होई.

राखणदाराने मनाशी हिशेब केला. धुनी जगवायची आणि जास्तीचे सरपण खालच्या गावात देऊन नवे वासे आणायचे, तर घरटी दोन मोळ्या हव्यात. हिशेब चोख होता. तो तिथेच थांबला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण त्याची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बारशाला व्याही येणार, आणि त्यांना बसवायला घराला धड ओसरी नव्हती. राखणदाराला वाटले, मागतोच आहोत, तर आणखी एक मागू. तेवढ्यात ओसरीही उभी राहील.

पारावर गाव जमला. "घरटी तीन मोळ्या लागतील," तो म्हणाला.

एकच गलका झाला. सगळ्यांत म्हातारा पंच उठला. "तुझ्या बापाला एक पुरली. तुलाच काय रे धाड भरली?"

"लाकूड हलकं झालंय, आबा. छप्परही कुजलंय."

"मग दाखव की. रीत ठेवू घटकाभर बाजूला. चार माणसं आत येऊन बघतील."

राखणदाराच्या तोंडचे पाणी पळाले. आत येऊन पाहिले, तर दोन मोळ्यांत भागते हे शेंबडे पोरही सांगेल. मग तिसरी कशाला, असे विचारतील. तो ताठ होऊन म्हणाला, "रीत मोडायची नाही. माझ्यावर विश्वास नाही का?"

"होता," आबा म्हणाले. "पण दार लावून मागणाऱ्याला वाढवून मिळणार नाही. पहिल्यासारखी एकच."

लोकांनी माना डोलावल्या. कुठेतरी पाणी मुरतेय, हे सगळ्यांनी ओळखले. छप्परही खरोखरच कुजले असेल, हे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

श्रावणात झड लागली. लेकीला मुलगा झाला. बारसे अजून व्हायचे होते. अशात एका सकाळी, बायका खापरे घेऊन यायच्या आतच, विस्तवघराचे छप्पर धुनीवर कोसळले. पावसाने निखाऱ्यांचा चिखल करून टाकला.

गावातली एकही चूल पेटली नाही. बाळंतिणीची शेगडी निवली. बाळ अशक्तच होते, त्याचे ओठ निळे पडू लागले. लेकीने त्याला उराशी घट्ट धरले. ती दमली की शेजारणी त्याला पदराखाली घेत. इकडे आबा घोंगडे पांघरून विस्तव आणायला घाट उतरले. कोणी सांगितले नव्हते, आपणहून गेले.

दुसऱ्या दिवशी ते मडक्यात विस्तव घेऊन धापा टाकत दाराशी आले. घरात रडूनही झाले होते. बाळ गेले होते.

आबांनी मडके खाली ठेवले आणि ते तिथेच चिखलात बसले. "एवढं कुजलं होतं, तर दाखवलं का नाहीस रे?"

"तीनांतली एक माझ्या ओसरीची होती, आबा," राखणदार म्हणाला. "ती उघडी पडेल म्हणून खऱ्या दोन मी झाकून ठेवल्या."

"आणि आम्हाला त्या एकीचा वास आला, म्हणून आम्ही त्या दोन लाथाडल्या."

लेक आतून सगळे ऐकत होती. तिने बाहेर येऊन मडके उचलले आणि निवलेल्या शेगडीत निखारे ओतले. त्या दोघांना तेच फार लागले.

पुढे गावाने नवे विस्तवघर बांधले. घरटी दोन मोळ्या ठरल्या आणि उंबरा सगळ्यांना मोकळा झाला. राखणदार म्हातारा होईपर्यंत विस्तव न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आत बोलावी आणि हात जोडून म्हणे, "आधी वर बघा, मग निखारे न्या."

बोध एवढाच, की मागणाऱ्याने गरजेत हाव मिसळू नये, आणि देणाऱ्याने हावेच्या रागाने खरी गरज नाकारू नये.